तपकिरीच्या डबीपासून स्विफ्टपर्यंत: मंडळीचा मिशन फंड

२ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी एका विधवा बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत मोजके बाप्टिस्ट पाळक जमले. परदेशात सुवार्ता पोचवण्यासाठी संस्था काढायची असं ठरवूनच ते उठले. त्या दिवशी आकडा झाला १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स, आणि तो अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा झाला असं सांगतात. मिशन रविवारच्या प्रवचनात ही डबी हमखास निघते. पण तिच्यातली खरी गोम प्रवचनात सुटते. त्या दिवशी जमा झाली ती मुख्यतः वचनं होती. कोण किती देणार, याची कबुली. पैसा मागाहून यायचा होता.

पुढच्याच वर्षी त्या संस्थेने विल्यम केरी यांना बंगालला पाठवलं. सोबत आणलेला पैसा कलकत्त्यात बघता बघता संपला, इंग्लंडहून पत्र यायला महिने लागत, आणि १७९४ मध्ये केरींनी मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले, तो पगारही बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनच्या सामाईक थैलीत गेला, आणि त्याच काळात १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश छापून निघाला. म्हणजे मराठीच्या पहिल्या छापील साधनांमागे थोडा इंग्लंडच्या चर्चांचा पैसा आहे आणि बराच केरींचा स्वतःचा पगार. हे ऐकायला छान वाटतं. मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, खजिनदाराने मात्र त्याकडे दुसऱ्या नजरेने पाहावं: माणूस पाठवला आणि त्याच्यामागे नियमित रक्कम उभी केली नाही, तर तो पहिली दोन-तीन वर्षं पोट भरण्यात घालवतो.

परदेशातल्या मिशनरीला मोठ्या रकमेपेक्षा ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला लागते. मंडळीच्या मिशन फंडात घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा इथेच.

हे सगळ्यात आधी ज्यांना नेमकं कळलं त्यांपैकी एक म्हणजे फ्रान्समधल्या ल्यों शहरातली पोलीन जारिको. ३ मे १८२२ रोजी तिथे जी संस्था स्थापन झाली तिची घडी पोलीनच्या कल्पनेवर बसवली होती. प्रत्येकाने आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे पाच सेंटीम, गिरणी कामगारालाही झेपेल असं नाणं. दहा जणांमागे एक प्रमुख, तो आपल्या दहांकडून गोळा करणार. अशा दहा टोळ्यांमागे शंभरांचा प्रमुख, आणि अशा दहा शंभरांमागे हजारांचा. कोणालाही दहापेक्षा जास्त दारं ठोठवायची नाहीत. त्यामुळे कोणी थकत नाही, आणि कोणाचा सू आला नाही हे त्याच आठवड्यात कळतं. वसुलीचा माणूस देणाऱ्याच्या गल्लीतलाच, म्हणून टाळाटाळही कमी. आरंभीच्या वाटपात पूर्वेकडच्या मिशनांबरोबर अमेरिकेतल्या लुइझियाना आणि केंटकीलाही पैसे गेले. हो, तेव्हा अमेरिका घेणाऱ्यांच्या रांगेत होती, आणि रोमच्या कारभारात १९०८ पर्यंत ती मिशनचा प्रदेश म्हणूनच मोजली जात होती.

आपल्याकडे हा हिशोब नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी वर्षाला एक पैसा या बोलीवर तळेगावचा काच कारखाना उभा केला. मुष्टिफंड हा शब्द तर घराघरांत होता. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन बायांनी १९१० च्या सुमाराला सुरू केलेला ‘बुहफाई थम’ म्हणजे थेट मुष्टिफंडच: भात टाकताना तांदळाची एक मूठ बाजूच्या भांड्यात काढून ठेवायची. आठवड्याने मंडळीतल्या बाया घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करणार, मग ते विकून पैसा जमा. रोख पगार नसलेल्या घरातून नियमित देणगी काढायची ही युक्ती आजही चालू आहे, आणि त्यातून मिझोरामबाहेर माणसं पाठवली जातात. यात लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे मूठ आधी निघते, जेवण नंतर. महिनाअखेर उरलं तर देऊ म्हणणाऱ्या घरात तांदूळ उरत नाहीत.

अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्टांकडे याच्या उलट टोकाचं उदाहरण आहे, वर्षातून एकदाच घेतलेल्या अर्पणाचं. चीनमध्ये १८७३ पासून असलेल्या लॉटी मून या बाईंनी १८८७ मध्ये पत्र लिहून सुचवलं की ख्रिसमसआधीच्या आठवड्यात बायांनी परदेशी मिशनसाठी वेगळं अर्पण काढावं. १८८८ मध्ये उद्दिष्ट ठेवलं २,००० डॉलर, जमले ३,३१५ डॉलर २६ सेंट, आणि त्यातून तीन जणी पाठवता आल्या. १९१२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जपानमधल्या कोबे बंदरात जहाजावर त्या वारल्या. त्यांच्या नावाने चालणारं हे अर्पण अलीकडच्या वर्षांत २० कोटी डॉलरांच्या वर जातं. पण नुसत्या नाताळच्या भरतीवर हजारोंचे पगार चालत नाहीत, म्हणून १९२५ मध्ये त्यांनी ‘को-ऑपरेटिव्ह प्रोग्राम’ आणला. प्रत्येक चर्च आपल्या सर्वसाधारण अर्पणातले ठरावीक टक्के राज्याच्या संघटनेकडे पाठवतं. ती आपला वाटा ठेवून बाकी वर पाठवते, आणि वर पोचलेल्यातला निम्म्याच्या आसपास परदेशी मिशनला जातो. त्यांच्या परदेशी मिशन मंडळाचे मिशनरी पगारावर असतात, त्यांना दारोदार फिरावं लागत नाही. वर्षभराचा पाया टक्क्यांतून, वरची भर सणाच्या अर्पणातून. मोठ्या संघटनेसाठी याहून बरी रचना माझ्या पाहण्यात नाही.

कॅथलिक मंडळींत हीच गोष्ट मिशन रविवारी होते. पोप पायस अकरावे यांनी १९२६ मध्ये तो सुरू केला, ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार. त्या दिवशीचं दान वसई असो, गोवा असो की ल्यों, सगळ्या पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चांमधून, एकाच सामाईक निधीत जायचं असतं. ते पॅरिशच्या छपराला किंवा रंगकामाला वळवायचं नसतं, आणि बिशपांच्या कार्यालयाकडे भरताना त्या दिवशीची मिस्सावार मोजणी वेगळी दाखवायची असते. नेहमीच्या दानपेटीत त्या दिवशीचा पैसा मिसळला की नंतर कोणाला वेगळा काढता येत नाही. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे त्या रविवारी पेटीच बदलायची.

बाकी बऱ्याच प्रोटेस्टंट संस्थांत मिशनरी स्वतःचा आधार स्वतः उभा करतो. त्याच्या हातात एक कागद असतो, मासिक गरजेचा. हा कागद वाचता येणं हे मिशन कमिटीचं पहिलं काम, आणि तिथेच बहुतेक कमिट्या गडबडतात. समजा पूर्व आफ्रिकेतल्या चौघांच्या कुटुंबाने महिना ५,००० डॉलर लिहिलेत. पंचांपैकी कोणीतरी म्हणणार, तिकडे तर स्वस्ताई आहे, एवढे कशाला? म्हणून ओळी वाचाव्यात. राहणीमान ही एक ओळ असते, आणि ती बहुधा अर्ध्याहून कमी. बाकी आरोग्य विमा, त्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च. निवृत्तिवेतन, कारण परदेशात काढलेल्या वीस वर्षांत मायदेशी दुसरं कोणी भरत नाही. मुलांची शाळा, व्हिसा आणि वर्क परमिटचं नूतनीकरण, भाषा शिकवणाऱ्या गुरुजींची फी, दर काही वर्षांनी घरी येण्याच्या तिकिटासाठी महिन्याला बाजूला टाकायची रक्कम, कामाचा खर्च, आणि संस्थेच्या कार्यालयाचा वाटा, जो दहा टक्क्यांच्या आसपास किंवा थोडा वर असतो. ज्या कागदावर विमा आणि निवृत्तीच्या ओळीच नाहीत तो कागद कमी रकमेचा दिसतो आणि मंडळीला आवडतो. त्याच मिशनरीसाठी पुढे सात-आठ वर्षांनी ऑपरेशनच्या खर्चाचं आवाहन येतं. कार्यालयीन वाटा शून्य सांगणाऱ्या संस्थेकडेही जरा निरखून पाहा. लेखापरीक्षण, पावत्या, बँकेचा खर्च कोणीतरी भरतंच, फक्त तो दुसऱ्या ओळीत दडवलेला असतो.

आता रकमेचं. मंडळीला तीस मिशनरींची नावं भिंतीवरच्या नकाशावर लावायला आवडतं, प्रत्येकाला महिना ५० डॉलर. जगभर टाचण्या, रंगीत दोरे, सगळं देखणं दिसतं. पण ५,००० ची गरज असलेल्या माणसाला असल्या शंभर मंडळ्या गाठाव्या लागतात. फर्लोवर, म्हणजे कामावरच्या लांब रजेवर, तो वर्षभर घरी येतो, आणि वर्षात रविवार बावन्नच. म्हणजे प्रत्येक मंडळीला एकेक रविवार दिला तरी निम्म्या राहतात, आणि राहिलेल्या मंडळ्या नाराज होऊन पुढच्या बजेटात त्याचं नाव खोडतात. तीस जणांना ५० देण्यापेक्षा सहा जणांना २५० द्यावेत. पैसा तेवढाच लागतो. सहांची पत्रं वाचून होतात, त्यांच्या मुलांची नावं लक्षात राहतात, आणि आजारपणात विचारपूसही होते. आधीच तीस असतील तर कोणालाही एकदम बंद करू नका. जसजसे निवृत्त होतील किंवा परततील तसतशी त्यांची रक्कम उरलेल्यांत वाटा.

पैसा आत येतो कसा, तेही पाहू. ‘फेथ प्रॉमिस’ची पद्धत टोरोंटोच्या पीपल्स चर्चचे ऑस्वाल्ड स्मिथ यांनी गावोगाव नेली. वर्षातून एका रविवारी प्रत्येकाला कार्ड देतात. नेहमीच्या दशमांशावर, पुढचे बारा महिने मिशनसाठी दर महिन्याला किती देण्याचा विश्वास आहे, तो आकडा त्यावर लिहायचा. काही ठिकाणी नाव लिहितात, काही ठिकाणी फक्त आकडा. आकड्यांची बेरीज त्याच उपासनेत फळ्यावर लिहितात, आणि त्यावर वर्षाचं मिशन बजेट ठरतं. पद्धत चांगली आहे, गळती मात्र ठरलेली. नोकरी जाते, बदली होते, मृत्यू येतो, उत्साह ओसरतो. म्हणून कार्डांच्या बेरजेच्या शंभर टक्क्यांवर बजेट कधी बसवू नये. नव्वदवर बसवा, नवीन मंडळी असेल तर पंच्याऐंशीवर. जून महिन्यात आपल्या घरांत शाळेच्या फिया, वह्यापुस्तकं, रेनकोट यांतच पगार जातो आणि मिशनचं पाकीट रिकामं राहतं. अमेरिकेत हीच गत उन्हाळी सुट्टीत होते. मिशनरीला जूनमध्येही घरभाडं असतंच. म्हणून तीन महिन्यांच्या पाठवणीइतकी शिल्लक कायम ठेवायची आणि तिला हात लावायचा तर कमिटीच्या ठरावानेच. चर्चच्या कंपाउंडची भिंत पडली की सगळ्यांची नजर आधी या शिलकीवर जाते. एकदा उसनी घेतली की ती परत येत नाही, हे कुठल्याही खजिनदाराला विचारा.

हंगामाच्या उपकारस्तुतीत कणसं, कोंबड्या, नारळ आणि भोपळे यांचा जो लिलाव होतो, त्यात मिशनसाठी चांगली रक्कम उभी राहते. एका भोपळ्यावर दोन भाऊबंद ईर्ष्येने बोली चढवतात आणि शेवटी विकत घेणारा तो भोपळा पाळकांच्याच घरी पोचवतो. हा पैसा एकरकमी येतो, म्हणून तो मासिक पाठवणीत धरू नये. तिकीट, मुलांच्या शाळेचं वर्षाचं शुल्क, मोटरसायकल अशा एकदाच्या खर्चाला तो ठेवावा.

मोजणीबद्दल पौलाने करिंथच्या मंडळीला दोन गोष्टी लिहिल्या आहेत. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं बाजूला काढून ठेवा, ही पहिल्या पत्रात. दुसऱ्या पत्रात, हा निधी नेताना आपल्याला कोणी दोष लावू नये म्हणून सोबत दुसरे भाऊ पाठवतो आहोत. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दोन सह्यांचा नियम आहे. उपासना संपली की पेटी लगेच, त्याच इमारतीत, दोघांनी मिळून उघडायची, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. आधी पाकिटं वेगळी काढायची, प्रत्येक पाकिटावर लिहिलेला आकडा आणि आतली रोकड जुळते का पाहायची, जुळत नसेल तर पाकीट फेकायचं नाही, त्यावरच फरक लिहून दोघांनी सही करायची. मग सुटी रोकड, नोटांच्या किमतीनुसार गठ्ठे, नाणी शेवटी. मोजणीपत्रकावर मिशनचा रकाना पहिल्यापासून स्वतंत्र हवा. सोमवारी बँकेत भरलेली स्लिप त्याच पत्रकाला टाचायची. बऱ्याच मंडळ्यांत पत्रक असतं, स्लिपही असते, फक्त त्या दोन वेगवेगळ्या घरांत असतात.

आता पाठवणं. इथे चहापेक्षा किटली गरम असते. समजा पाठवणाऱ्या बँकेने २५ डॉलर घेतले आणि स्विफ्टच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या, वाटेतल्या मधल्या बँकेने १५. महिन्याला १०० डॉलर पाठवणाऱ्या मंडळीच्या वर्षाच्या १,२०० पैकी ४८० वाटेतच गेले. तेच दर तीन महिन्यांचे ३०० एकदम पाठवले तर वर्षाला १६० जातात. यावर लोक म्हणतात, मग मिशनरीला दर महिन्याला कसे मिळणार? उत्तर असं की थेट त्याच्या खात्यावर पाठवूच नका. त्याच्या संस्थेच्या मायदेशातल्या खात्यात तिमाही आगाऊ भरा, संस्था सगळ्यांचे पैसे एकत्र करून दर महिन्याला पगारासारखे सोडते. परदेशी बँकेत थेट पाठवायचीच वेळ आली तर अर्जावर खर्च कोणी सोसायचा याचा पर्याय असतो. तिथे सगळा खर्च पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा, नाहीतर ३०० लिहून २८५ पोचतात आणि मंडळीच्या वहीतला आकडा त्याच्या पावतीशी कधीच जुळत नाही. बँक जो विनिमय दर लावते त्यातही तिचं मार्जिन असतं, ते शुल्काच्या ओळीत दिसत नाही. म्हणून दोन बँकांची तुलना करताना शुल्क बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: मी अमुक रुपये दिले तर पलीकडे हातात नेमके किती पडतील? खातेदाराचं नाव पासबुकावर आहे तसंच, आद्याक्षरांसकट लिहा. नावातल्या एका अक्षरासाठी पैसे आठवडाभर अडकून परत येतात, आणि परतीचंही शुल्क कापलं जातं.

भारतातून पाठवताना कायद्याची चौकट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, जिला सगळे एलआरएस म्हणतात, निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. परदेशातल्या धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या देणगीसाठी एस१३०३ हा उद्देश-कोड आहे. पॅन लागतो, फॉर्म ए२ भरावा लागतो. २०२५-२६ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते, तो पुढे आयकरात वळता होतो. पण ही सोय व्यक्तीसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या मंडळीच्या खात्यातून परदेशी संस्थेला परस्पर पैसे पाठवायला या योजनेचा आधार घेता येत नाही, आणि ट्रस्टच्या उत्पन्नाचा भारताबाहेरचा खर्च आयकर खातं सहसा धर्मादाय खर्च म्हणून धरत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. चुकीचा शॉर्टकट असा: मंडळीचा पैसा एका सभासदाच्या खात्यावर वळवायचा आणि त्याने तो स्वतःचा म्हणून पाठवायचा. हे करू नका. त्या माणसाच्या पॅनवर तो पैसा येतो, आणि ट्रस्टच्या लेखापरीक्षणात त्याचा पत्ता लागत नाही. ज्यांना परदेशी कामाला द्यायचं आहे त्यांनी ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने द्यावं, आणि मंडळीने फक्त माहिती आणि प्रार्थनेची बाजू सांभाळावी. परदेशी संस्थेला दिलेल्यावर देणगीची (८०जीची) आयकर सवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगा. मार्चमध्ये पावती मागायला आल्यावर सांगणं बरं नव्हे.

उलट दिशेचा प्रश्न मराठी वाचकांना जास्त पडतो. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये असलेला माणूस गावाकडच्या मंडळीला मदत करू पाहतो. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईतला, नेहमीच्या बँकमार्गाने आलेला असेल, तर तो विदेशी अंशदान ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही तो विदेशी स्रोत ठरतो, आणि तिकडचं चर्च तर नक्कीच. मग इथल्या संस्थेला विदेशी अंशदान कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे नेता येत नाही, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे घेऊन खेड्यातल्या लहान मंडळ्यांना वाटायची, ती वाट बंद झाली. पाळकांच्या वैयक्तिक खात्यावर ‘लव्ह गिफ्ट’ म्हणून चर्चचे डॉलर मागवणं हा त्यावरचा उपाय नाही, त्यात पाळकच गोत्यात येतात.

अमेरिकेत देणाऱ्यांसाठी एक बारकावा. अमुक माणसाला द्या, असं बंधन घालून त्याच्या नावाने दिलेली रक्कम करातून वजा होत नाही. चर्च किंवा संस्थेचा त्या पैशावर पूर्ण ताबा असावा लागतो. म्हणून चेक संस्थेच्या नावाने आणि माणसाचं नाव फक्त पसंती म्हणून, अशी पद्धत आहे. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर संस्थेकडून लेखी पोच घ्या, नुसता रद्द झालेला चेक चालत नाही. ब्रिटनमध्ये करदात्याने गिफ्ट एडचं पत्रक भरून दिलं की प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात. पत्रक भरून न दिल्यामुळे हा पाव हिस्सा किती मंडळ्या वर्षानुवर्षं सोडून देतात, बघून हळहळ वाटते.

वस्तूंबद्दल थोडक्यात: पाठवू नका. जुने कपडे, बायबल अभ्यासाची इंग्रजी पुस्तकं, मुदत संपत आलेली औषधं. मिशनरीला ते सोडवायला बंदरावर दोन दिवस जातात, जकात भरावी लागते, आणि वर आभाराचं पत्रही लिहावं लागतं. भीक नको पण कुत्रा आवर अशी त्याची गत होते. काही पाठवायचंच असेल तर आधी विचारा, आणि त्याने नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

स्थानिक पाळकांचा पगार बाहेरून द्यावा का, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये मुंबई-अहमदनगरकडे येऊन गेले, तेव्हाही तो होताच. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतः सुवार्ता न्यावी, हे सूत्र त्यांनी आणि इंग्लंडच्या हेन्री व्हेन यांनी मांडलं. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागे हीच कळ होती. व्यवहारात मधला रस्ता चालतो: पहिल्या वर्षी पूर्ण, मग दरवर्षी वीस टक्के कमी, आणि हे वेळापत्रक पहिल्याच पत्रात लिहायचं. तोंडी ठरवलं तर तिसऱ्या वर्षी कपात करणारा खलनायक ठरतो.

मिशनरीचं पत्र आलं की त्यातल्या प्रार्थनेच्या ओळी वाचून दाखवा, पण पत्राचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी त्याला विचारा. काही देशांत तिथल्या विश्वासणाऱ्यांचं नाव बाहेर जाणं त्यांना महागात पडतं. बँकेच्या अर्जावर उद्देश मात्र खराच लिहायचा, तिथे लपवाछपवी नको.

आणि शेवट कसा करायचा ते सुरुवातीलाच ठरवा, कारण कोणी ठरवत नाही. मिशनरी निवृत्त होतो, आजारपणामुळे परततो, संस्था सोडतो. ठरावात लिहा की परतल्यावर तीन महिने मदत चालू राहील, त्यानंतर थांबेल, आणि त्याच्या नावाने शिल्लक असलेली रक्कम सर्वसाधारण मिशन फंडात जाईल. देणाऱ्यांना हे पाकिटावरच छापून कळवा, म्हणजे नंतर कोणी आपले पैसे परत मागायला येत नाही. ठरलेल्या तारखेला पैसे पाठवण्याची बँकेतली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आपोआप थांबत नाही. ती बंद करायला ठरावाची प्रत आणि दोन्ही सह्या लागतात, आणि त्या दोघांतले पाळक तोवर बहुधा दुसऱ्या गावी बदलून गेलेले असतात.